ब्रसेल्स स्प्राउट्सचं भांडं भरलेलंच परत येतं, त्यावर उपाय

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाताळच्या दुपारी दहा माणसं जेवायला येणार आहेत. ओव्हन एकच, आणि त्यात सकाळपासून टर्की ठाण मांडून बसलेली. दरवर्षी ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे इवल्याशा कोबीसारखे गड्डे, उकडून, वर लोणी सोडून टेबलावर ठेवले जातात आणि दरवर्षी भांडं जवळजवळ भरलेलंच स्वयंपाकघरात परत येतं. पाहुण्यांत दोघं शाकाहारी आहेत. लोक मागून घेतील असं काही करता येईल का, आणि त्यातलं किती काम आदल्या दिवशी उरकता येईल?

तुम्ही पाककृती मागितली आहे. ती देतेच, एक नाही, चार देते. पण गेली २२ वर्षं सणासुदीच्या मोठ्या जेवणांचा स्वयंपाक केल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली आहे. या भाजीचं वाटोळं होतं ते पाण्यामुळे आणि वेळेमुळे, मसाला कमी पडल्यामुळे नाही. ती पाण्यात शिजते, गरजेपेक्षा जास्त शिजते आणि मग झाकणाखाली अर्धा तास वाट बघत राहते. या तिन्ही गोष्टी टळल्या की नुसतं तेल-मीठही पुरतं. टळल्या नाहीत, तर मध, चीज, बेकन काहीही घाला, खाली तोच उग्र वासाचा लगदा राहतो. म्हणून कुठली पाककृती करायची हे ठरवण्याआधी, जेवणाआधीच्या शेवटच्या अर्ध्या तासात तुमच्याकडे काय मोकळं असणार आहे ते ठरवा: ओव्हन, शेगडी, की दोन्ही नाही? माझं पुढचं सगळं उत्तर या एका प्रश्नावर उभं आहे.

आधी तो कडवटपणा आणि वास कुठून येतो ते सांगते, कारण ते कळलं की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. ब्रसेल्स स्प्राउट्स म्हणजे कोबीच्याच जातकुळीतले. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, केल आणि हे इवलेसे गड्डे, वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं सगळी एकच प्रजाती. या सगळ्यांत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं असतात. पेशी चिरल्या किंवा चिरडल्या गेल्या की मायरोसिनेज नावाचं एन्झाइम त्यांच्यावर काम करतं आणि मोहरीसारखा झणझणीत, तिखट-कडू स्वाद तयार होतो. तेवढा स्वाद चांगलाच लागतो, त्याच्याशिवाय ही भाजी म्हणजे नुसता मऊ कोबी. त्रास होतो तो लांबलेल्या उकळीत. गड्डे पाण्यात जितका वेळ राहतील तितकी ही गंधकयुक्त द्रव्यं फुटत जातात, हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू सुटतात आणि घरभर सडक्या अंड्यासारखा वास पसरतो. सहा-सात मिनिटांपर्यंत उकळलेले गड्डे आणि पंधरा मिनिटं उकळलेले गड्डे शेजारी ठेवून हुंगून बघा. एकाच भाजीचे ते आहेत यावर विश्वास बसत नाही.

एक बातमी चांगली आहे. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना लहानपणचे स्प्राउट्स कडू लागल्याचं आठवत असेल तर त्यांची आठवण खोटी नाही. १९९० च्या दशकात नेदरलँड्समध्ये शास्त्रज्ञ हान्स व्हॅन डोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढलं की हा कडूपणा मुख्यतः सिनिग्रिन आणि प्रोगॉयट्रिन या दोन ग्लुकोसिनोलेटांमुळे येतो. त्यानंतर बियाण्यांच्या कंपन्यांनी जुन्या, कमी कडू वाणांचा भरघोस पीक देणाऱ्या नव्या वाणांशी संकर केला. आज बाजारात मिळणारे गड्डे त्यामुळे बरेच सौम्य असतात. म्हणजे ज्या पाहुण्यांनी वीस-तीस वर्षांपूर्वी ही भाजी सोडली, त्यांनी वेगळीच भाजी सोडली होती. तरीही एखाद्याला ती कडूच लागली तर आग्रह करू नका. आपल्या जिभेवर कडू चव ओळखणारे जे ग्राही (रिसेप्टर) असतात त्यातल्या एकाचं, टीएएस२आर३८ चं, जनुक प्रत्येकात सारखं नसतं. काहींना याच द्रव्यांचा कडूपणा खरोखरच कितीतरी जास्त जाणवतो, आणि लहान मुलांना तर मोठ्यांपेक्षा जास्तच.

आता खरेदी. मध्यम किंवा लहान, दाबल्यावर दगडासारखे घट्ट, पानं अंगाला चिकटलेली, देठाचा काप पांढरट-ओलसर, असे गड्डे घ्या. देठ तपकिरी आणि कोरडा झाला असेल, पानं पिवळी पडून सुटायला लागली असतील तर माल जुना आहे, आणि जुना माल जास्त उग्र होत जातो. दांड्यासकट मिळाले तर तसेच घ्या, जास्त दिवस टिकतात. थंडी पडून गेल्यानंतरचे मिळाले तर उत्तम. कडाक्याच्या गारठ्यात हे झाड स्वतःला वाचवायला पिष्टाचं रूपांतर साखरेत करतं आणि गड्डे खरोखर गोडसर लागतात. अमेरिकेतलं थँक्सगिव्हिंग आणि नाताळ या दोन्ही सणांच्या जेवणांत ही भाजी मानाला बसली ती उगीच नाही, उत्तरेकडच्या थंड देशांत तेव्हाच ती तिच्या ऐन बहरात असते. सगळे एका आकाराचे निवडायला दोन मिनिटं जास्त घालवा. लहान-मोठे मिसळले की लहान करपतात तेव्हा मोठे मधे कच्चेच असतात. दहा जणांना, टेबलावर इतर पदार्थ असताना, १ ते १.२ किलो पुरतात. साफ करताना दहा-पंधरा टक्के जातात हे धरून हा अंदाज आहे.

साफ करणं सोपं आहे पण एक चूक सर्रास होते. देठ फार खोल कापला की गड्ड्याची पानं सुटतात आणि तव्यावर त्याचे तुकडे होतात. देठाची फक्त वाळलेली चकती काढायची, दोन-तीन मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. वरची एखाद-दोन निबर पानं आपोआप गळतात, तेवढी जाऊ द्या. मग देठातून उभा काप घेऊन दोन फोडी करा, म्हणजे प्रत्येक अर्ध्याला देठाचा तुकडा राहतो आणि पानं एकत्र धरली जातात. देठावर फुली मारायची जुनी पद्धत मी कधीच सोडून दिली. फुलीमुळे देठ लवकर शिजतो म्हणतात. माझ्या अनुभवात त्या फटीतून पाणी आत शिरतं आणि गड्डा पचपचीत होतो, बाकी काही नाही. अर्धे केले की फुलीची गरजच उरत नाही.

धुतल्यावर मात्र जीव ओतून कोरडे करा. चाळणीत निथळणं पुरेसं नाही. कापडावर पसरून, वरून दुसऱ्या कापडानं दाबून पुसा, आणि कापलेली बाजू वर करून अर्धा तास उघडे ठेवा. ही भाजी मुळातच ८६ टक्के पाणी आहे. वरून आणखी पाणी राहिलं तर ओव्हनची सगळी उष्णता ते उडवण्यात जाते. पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर चढत नाही, आणि खरपूस तांबूस रंग येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे. तो रंग म्हणजेच चव. त्या तांबूस थरात गोडवा आणि भाजलेल्या दाण्यांसारखा स्वाद असतो, तोच कडूपणाला सांभाळून घेतो.

ओव्हन मोकळा असेल तर भाजणं ही माझी पहिली निवड. ओव्हन २२० अंश सेल्सिअसला तापवा, पंखा असेल तर २००. रिकामे ट्रेही आतच तापू द्या, किमान दहा मिनिटं. तोवर १ किलो अर्ध्या फोडींना मोठ्या परातीत चार मोठे चमचे तेल आणि ८ ते १० ग्रॅम मीठ हातानं चोळा. हातानंच, कारण प्रत्येक फोडीचा कापलेला चेहरा तेलानं चमकला पाहिजे. चमच्यानं ढवळलं की अर्ध्या फोडी कोरड्याच राहतात. गरम ट्रे बाहेर काढून फोडी पटापट ओता, कापलेली बाजू खाली करा. ट्रेला टेकताक्षणी चर्र आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर ट्रे अजून तापलेला नाही, सरळ परत आत ढकला. मग १५ मिनिटं हात लावायचा नाही, उलटायचं नाही, हलवायचं नाही. पंधराव्या मिनिटाला एक फोड उचलून खालची बाजू बघा. फिका सोनेरी रंग असेल तर अजून वेळ आहे, गडद तांबूस असून कडा काळपट व्हायला लागल्या असतील तर झालं. बहुतेक वेळा १८ ते २२ मिनिटं लागतात. देठात सुरीचं टोक जरासा विरोध करून आत जावं. लोण्यासारखी सुरी गेली तर तुम्ही दोन मिनिटं उशीर केलात, कारण बाहेर काढल्यावरही आतल्या उष्णतेनं फोडी थोड्या शिजतच राहतात. सुटलेली पानं कुरकुरीत, जवळजवळ काळी होतील, ती टाकू नका. टेबलावर सगळ्यात आधी तीच संपतात.

ट्रेवरची गर्दी ही सगळ्यात मोठी घोडचूक, आणि ती मी स्वतः केलेली आहे. सुरुवातीच्या काळात चाळीस माणसांच्या एका जेवणासाठी मी तीन ट्रेचा माल दोन ट्रेमध्ये कोंबला, कारण तिसऱ्या ट्रेला ओव्हनमध्ये जागा नव्हती. पंचवीस मिनिटांनी दार उघडलं तर वाफेचा लोट आला आणि ट्रेच्या तळाशी हिरवट पाणी. फोडी भाजल्या नव्हत्या, एकमेकींच्या वाफेत उकडल्या होत्या. माझ्या डोळ्यांसमोर ते भांडं भरलेलं परत आलं आणि मला फार वाईट वाटलं, कारण माल पहिल्या प्रतीचा होता. तेव्हापासून दोन फोडींमध्ये बोटभर नाही तरी अर्ध्या बोटाची जागा ठेवते. घरगुती ओव्हनच्या ट्रेवर ६०० ते ७०० ग्रॅम बसतात, म्हणजे तुम्हाला दोन ट्रे लागतील. अर्ध्या वेळात वरचा खाली, खालचा वर करा. दोन ट्रे मावत नसतील तर दोन फेऱ्या करा आणि पहिली फेरी वाढायच्या आधी पाच मिनिटं परत गरम ओव्हनमध्ये घाला. मायक्रोवेव्हमध्ये नको, तिथे खरपूसपणा क्षणात मऊ पडतो.

भाजल्यावर वरून काय घालायचं, यातही वेळ सांभाळायची असते. मध, मेपल सिरप, घट्ट केलेलं बाल्सामिक व्हिनेगर यांत साखर असते. सुरुवातीपासून घातलं तर फोडी शिजण्याआधी ती जळते आणि कडूवर कडू चढतं. शेवटची चार-पाच मिनिटं राहिली की घाला, किंवा बाहेर काढल्यावर. लिंबू आणि व्हिनेगर तर अगदी शेवटी. आंबटाच्या संगतीत गरम हिरवी भाजी शेवाळी-तपकिरी पडते, कारण हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. (हिरवा रंग टिकवायला सोडा घालू नका. रंग राहील, पण भाजीचा चिखल होईल.) मीठ मात्र सुरुवातीलाच हवं, मीठ कडू चव दाबतं. म्हणूनच कमी मिठाचे स्प्राउट्स जास्त कडू लागतात आणि लोक बिचाऱ्या भाजीला दोष देतात.

माझी नेहमीची मिश्रणं दोन. पहिलं असं: ४० ग्रॅम लोणी वितळवून त्यात एक मोठा चमचा दिजाँ मस्टर्ड, एका लिंबाची किसलेली साल आणि भरपूर मिरी, वाढताना त्याच लिंबाचा अर्धा रस. मोहरी आणि ही भाजी एकाच घराण्यातल्या, त्यामुळे हा जोड सहज जमतो. दुसरं: दोन मोठे चमचे मध, एक मोठा चमचा व्हिनेगर, चिमूटभर चिली फ्लेक्स, वर भाजलेले अक्रोड आणि डाळिंबाचे दाणे. सणाच्या टेबलावर हे दुसरं फार देखणं दिसतं आणि ज्यांना स्प्राउट्स आवडत नाहीत तेही याला हात लावतात. टर्की आणि ग्रेव्हीच्या जड ताटात मला स्वतःला मस्टर्ड-लिंबू जास्त आवडतं, कारण ताटात आधीच गोड पदार्थ बरेच असतात. तुमच्याकडे क्रॅनबेरी सॉस असेल तर मधाच्या वाटेला जाऊ नका असंच मी म्हणेन.

ओव्हन मोकळा नसेल पण शेगडी असेल, तर बिडाचं जड पॅन काढा. २८-३० सेंटिमीटरच्या पॅनमध्ये एका वेळी ५०० ग्रॅम फोडी मावतात. दोन मोठे चमचे तेल, मध्यम आच, फोडी एकेक करून कापलेली बाजू खाली ठेवायच्या आणि पाच-सहा मिनिटं तशाच राहू द्यायच्या. खाली तांबूस पापुद्रा धरला की तीन मोठे चमचे पाणी घालून लगेच झाकण. दोन-अडीच मिनिटांत देठ शिजतात. झाकण काढा, उरलेलं पाणी उडवा, लोणी आणि मीठ-मिरी घाला. इथे पाणी आहे, पण ते रंग आल्यानंतर येतं आणि तीन मिनिटांत निघूनही जातं. आधी वाफवून मग परतलं तर फोडी ओल्याच राहतात आणि रंग धरायला इतका वेळ घेतात की तोवर मधे लगदा होतो.

पण दहा माणसांना शेगडीवर सगळ्यात सुटसुटीत म्हणजे बारीक चिरून परतलेले स्प्राउट्स. गड्डे कोबीसारखे पातळ चिरा, सुरीनं किंवा फूड प्रोसेसरच्या चकतीवर. हे आदल्या दिवशी करता येतं, कोरड्या कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. वाढायच्या आधी मोठ्या आचेवर, मोठ्या पॅनमध्ये, दोन वेळा करून, प्रत्येक वेळी तीन-चार मिनिटं. कडा तपकिरी झाल्या आणि मधे करकरीतपणा राहिला की उतरवा. याला वेळ इतका कमी लागतो की तो वास सुटायला अवधीच मिळत नाही. चेस्टनटबरोबर हे अप्रतिम लागतं: शिजवलेले २०० ग्रॅम चेस्टनट हातानं मोडून आधी लोण्यात दोन मिनिटं परता, मग चिरलेले स्प्राउट्स घाला.

बेकनचं म्हणाल तर पॅन गार असतानाच १५० ग्रॅम तुकडे टाकून मंद आचेवर चरबी सुटू द्या, तुकडे कुरकुरीत झाले की काढून ठेवा आणि त्या चरबीत भाजी परता. चव उत्तम येते यात शंका नाही. पण तुमच्याकडे दोघं शाकाहारी आहेत, आणि त्यांच्यासाठी वेगळं छोटं भांडं करण्यापेक्षा मी सगळ्यांसाठी एकच शाकाहारी भाजी करते आणि बेकन कुरकुरीत करून शेजारी वाटीत ठेवते. ज्याला हवं तो वर घेईल. बेकनचा जो खमंगपणा हवा असतो तो लोणी तांबूस करून बराचसा मिळतो. ७५ ग्रॅम लोणी फिक्या रंगाच्या भांड्यात वितळवा. आधी तडतडेल, मग फेस येईल, फेस बसायला लागला की तळाशी बारीक कण दिसतील. ते कण बदामी झाले आणि भाजलेल्या हेझलनटसारखा वास आला की तत्क्षणी दुसऱ्या भांड्यात ओता, गरम भांड्यात राहिलं तर अर्ध्या मिनिटात जळतं. त्यात भरड कुटलेले हेझलनट आणि मीठ घालून भाजीवर ओता. आणखी एक सांगते, कारण यजमान इथेच चुकतात: अस्सल पार्मेझान, म्हणजे पार्मिजानो रेज्जानो, वासराच्या रेनेटनं, म्हणजे त्याच्या जठरातून काढलेल्या एन्झाइमनं, विरजलेलं असतं. तुमचे पाहुणे काटेकोर शाकाहारी असतील तर पाकिटावर शाकाहारी रेनेट लिहिलेलं चीज बघून घ्या.

ओव्हन आणि शेगडी दोन्ही अडकलेली असतील तर शिजवूच नका. पातळ चिरलेल्या कच्च्या स्प्राउट्सना मीठ लावून दोन मिनिटं हातानं चुरा, लिंबाचा रस, ऑलिव्ह तेल, किसलेलं चीज, भाजलेले बदाम आणि सफरचंदाच्या पातळ काड्या घाला, वीस मिनिटं मुरू द्या. भाजी करकरीत राहते आणि जड जेवणात जिभेला ताजेपणा देते. मात्र यासाठी गड्डे अगदी ताजे हवेत, जुन्या मालाची कच्ची कोशिंबीर उग्र लागते. मला विचाराल तर थंडीच्या सणाला टेबलावर काहीतरी गार आणि आंबट असायलाच हवं, म्हणून शिजवलेली भाजी असतानाही हे मी छोट्या वाडग्यात ठेवते.

चौथा प्रकार, क्रीम आणि चीज घालून बेक केलेला ग्रातँ. आदल्या दिवशी पूर्ण रचून ठेवता येतो हा त्याचा मोठा गुण. फोडी खारट उकळत्या पाण्यात फक्त तीन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग पुसून अगदी कोरड्या. १ किलोला ३०० मिलिलिटर क्रीम, किसलेलं जायफळ, १५० ग्रॅम ग्रुयेर चीज (हेही बहुधा वासराच्या रेनेटचंच असतं) आणि वर ब्रेडचा चुरा. २०० अंशांना २० ते २५ मिनिटं, फ्रिजमधून थेट घातलं तर दहा मिनिटं जास्त. हा जड पदार्थ आहे. टेबलावर आधीच बटाट्याचा क्रीमवाला प्रकार असेल तर दुसरा नको.

तुमच्या घराचं गणित मी असं मांडेन. जेवण दीड वाजता धरू. पाच-सहा किलोची टर्की बाहेर काढल्यावर कापण्याआधी निदान अर्धा-पाऊण तास तशीच मुरू द्यायची असते, आणि हाच तुमचा हक्काचा वेळ. आदल्या संध्याकाळी गड्डे साफ करून, अर्धे करून, खाली-वर कागदी रुमाल घालून डब्यात ठेवा. मस्टर्डचं लोणी त्याच दिवशी कालवून ठेवता येतं, अक्रोड भाजून ठेवता येतात. नाताळच्या दिवशी बाराच्या सुमारास फोडी बाहेर काढून पसरा, म्हणजे गारठा आणि ओल दोन्ही जातील. पाऊण वाजता टर्की बाहेर, ओव्हन २२० ला, रिकामे ट्रे आत. एक वाजता फोडी ट्रेवर. सव्वाच्या सुमारास पहिली फोड उचलून बघायची, एक वीसपर्यंत बाहेर, मस्टर्डचं लोणी घालून उघड्या पसरट भांड्यात थेट टेबलावर. झाकण घालू नका, फॉइलही नको. कोंडलेल्या वाफेत पाच मिनिटांत सगळा खरपूसपणा जातो. त्या अर्ध्या तासात ओव्हन भाजलेल्या बटाट्यांना हवा असेल, तर हट्ट करू नका. बटाटे शेगडीवर तसे होत नाहीत, स्प्राउट्स होतात. तेव्हा बारीक चिरून चेस्टनटबरोबर परतायचा प्रकार घ्या, एक वाजून दहाला सुरू केलात तरी पुरतं.

पाहुण्यांत कुणी रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन घेत असेल तर त्यांना ही भाजी आहे हे आधी सांगा. १०० ग्रॅम कच्च्या स्प्राउट्समध्ये साधारण १७७ मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व असतं आणि ते त्या औषधाच्या विरुद्ध काम करतं. खाऊच नये असं नाही, पण एरवी न खाणाऱ्यानं सणाला एकदम वाडगाभर खाणं बरं नव्हे. किती चालेल ते त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

ताजे मिळाले नाहीत तर गोठवलेले चालतील, पण वितळवू नका. वितळले की पाणी सुटतं. गोठलेलेच तेल-मीठ लावून २३० अंशांना, तापलेल्या ट्रेवर, पहिली दहा मिनिटं पाणी उडू द्यायचं आणि मग रंग येईपर्यंत आणखी पंधरा-वीस मिनिटं. ताज्यांसारखा करकरीतपणा येणार नाही, उकडलेल्यांपेक्षा मात्र खूपच बरे.

आणि काही उरलेच, तर ब्रिटनमध्ये नाताळच्या दुसऱ्या दिवशी करतात ते बबल अँड स्क्वीक करा. उरलेले बटाटे कुस्करून त्यात स्प्राउट्स जाडसर चिरून मिसळा, मीठ-मिरी घाला, बिडाच्या पॅनमध्ये लोण्यावर जाड थर थापा आणि मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं हात लावू नका. पॅन हलवल्यावर सगळा थर एकसंध सरकला की खाली पापुद्रा धरला आहे. तेव्हाच ताटलीवर उलटून दुसरी बाजू भाजा, आणि वर तळलेलं अंडं ठेवा.